कोनफ्लॉवरची फुलं हिरवी पडतायत, झाड ठेवू की उपटू?

मूळ प्रश्न
गेल्या वर्षी जांभळ्या कोनफ्लॉवरचं (एकिनेशिया पर्प्युरिया) बी टाकलं होतं. पहिलं वर्ष नुसती पानंच आली. यंदा सातही रोपं फुलली, आणि रोज उठल्यावर मी आधी तिकडेच जाते. पण एका झाडाची सगळी फुलं विचित्र आहेत: पाकळ्या आखूड आणि हिरव्या, मधल्या काटेरी बोंडातून पानांचे झुपके निघालेले. दुसऱ्या एका झाडाला एकाच बोंडावर छोटा तुरा आहे, पाकळ्या मात्र छान गुलाबी. पाणी जास्त होतंय की खत कमी पडतंय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद
खत कमी पडण्याचा प्रश्नच नाही. हे मूळचं उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळरानांवरचं झाड, खाण्यापिण्याचे लाड त्याला सोसत नाहीत. जास्त खत दिलं की दांडे लांबुळके होऊन आडवे पडतात. वर्षातून एकदा थोडं कंपोस्ट पुरे. दिवसाला किमान 6 तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा मात्र हवाच. मुळाशी पाणी साचलं की झाड कुजतं.

प्रतिसाद
वरचं सगळं बरोबर, पण हा पाण्याचा किंवा खताचा दोष वाटत नाही. पहिल्या झाडाला बहुतेक ॲस्टर यलोज झालाय. फायटोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जिवाणू झाडाच्या अन्नरसवाहिन्यांत शिरतात आणि फुलाचं पान व्हायला लागतं. तुडतुडे आजारी झाडाचा रस शोषतात आणि तोच रोग पुढच्या झाडाला देतात. यावर औषध नाही. फुलं छाटूनही उपयोग नाही, कारण रोग मुळापर्यंत गेलेला असतो.

दुसऱ्या झाडाचं वेगळं असू शकेल. डोळ्यांना न दिसणारे कोळी (माइट नावाची बारीक कीड) कळीत शिरले तरी बोंडावर असेच तुरे येतात, पण पाकळ्यांचा रंग बहुधा टिकतो आणि बाकीचं झाड ठणठणीत असतं. तेवढी बोंडं कापून पिशवीत बांधून टाकून द्या, बागेत पडू देऊ नका. पहिल्या झाडाची पानं कशी आहेत?

मूळ प्रश्नकर्ती
आत्ताच पाहून आले. पहिल्याची नवी पानं पिवळट आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. दुसऱ्याची पानं अगदी छान. उपटायचा धीर होत नाहीये.

प्रतिसाद
समजू शकतो. मीही असंच एक झाड जीव लावून राखलं होतं. पुढच्या हंगामात शेजारच्या तीन झाडांची फुलं हिरवी आली. आजच मुळासकट काढा. आसपासचं तणही खुरपून घ्या, कारण हा रोग कित्येक तणांत दडून राहतो. दुसऱ्या झाडावर लक्ष ठेवा. पुढची फुलंही हिरवी आली तर तेही काढावं लागेल.

मूळ प्रश्नकर्ती
काढलं. दुसऱ्याचं बोंडही कापलं. आता रिकाम्या जागी परत कोनफ्लॉवरच लावला तर चालेल का? आणि कोणता लावू?

प्रतिसाद
खुशाल लावा. हा रोग मातीत टिकत नाही, त्याला जिवंत झाड किंवा तुडतुडा लागतो. दोन रोपांत 45 ते 60 सेंमी अंतर ठेवा, हवा खेळती राहिली की भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) कमी येते. माझी पसंती ‘मॅग्नस’ला: पाकळ्या आडव्या पसरतात, दांडा ताठ. 1998 साली अमेरिकेत वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड म्हणून त्याची निवड झाली होती. पहिल्याच वर्षी फुलं हवी असतील तर ‘चेयेन स्पिरिट’चं बी लवकर पेरा, लाल, केशरी, पिवळे असे मिश्र रंग येतात. दुहेरी पाकळ्यांच्या जाती मी टाळते. त्यांच्या गच्च फुलांत मधमाश्यांना मध सापडत नाही.

प्रतिसाद
एक भर घालतो. पिवळा एकिनेशिया पॅराडॉक्सा घेणार असाल तर जागा आधीच पक्की करा. त्याला सोटमूळ असतं, मोठं झाल्यावर हलवलेलं सोसत नाही. बी ओलसर वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रिजमध्ये ठेवा, मग पेरा. तुमच्या पर्प्युरियाला तंतुमुळं आहेत, त्याचा गड्डा तीन-चार वर्षांनी विभागता येतो. आणि हंगामाच्या शेवटची बोंडं कापू नका, वाळू द्या. बी टिपायला पक्षी येतात, आणि खाली सांडलेल्यातून पुढच्या वर्षी एखाददुसरं रोप आपोआप उगवतं.