सोल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा… लिहा तुमचेही अनुभव

मुठाकाठ: भाची सोलला शिकायला गेलीय. काल फोनवर म्हणाली, "मावशी, चॉन्गग्येचॉनमध्ये पाय सोडून बसलेय." झालं, मला माझं पहिलं सोल आठवलं. उंच इमारती असणार हे माहीत होतं. पण भर शहरात, रस्त्याच्या खालच्या अंगाला वाहतं पाणी? दगडांवरून उड्या मारत पलीकडे जाणारी पोरं, टाय सैल करून बसलेले ऑफिसवाले. तिथे आधी ओढा झाकून वर उड्डाणरस्ता होता. तो २००३ मध्ये पाडायला घेतला, २००५ मध्ये पाणी मोकळं झालं, जवळपास ६ किलोमीटर! मुठेच्या पुलावरून रोज जाते, म्हणून जास्तच लागलं मनाला. तुम्हाला काय दिसलं?

रानजाई: मेट्रो!! गाडी यायच्या आधी वाजणारी ती धून. आणि गरोदर बायकांसाठीची गुलाबी सीट. मला सहावा महिना होता, डबा गच्च, तरी ती एक सीट रिकामी ठेवलेली. डोळेच भरून आले. कुकर झाला, येते परत.

मी_सातारकर: मुठाकाठताई, त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात. फेरीवाल्यांनाही उठावं लागलं होतं तेव्हा, तेही सांगायला हवं. तरी रस्ता पाडला ते चांगलंच केलं.

चकली: शाकाहारी लोक काय खातात ते सांगा आधी. ऑक्टोबरात जायचंय लेकाकडे.

अलिबागकर: ग्वांगह्वामुनच्या चौकात यी सुन-शिनचा पुतळा आहे. १५९२ मध्ये सुरू झालेल्या युद्धात जपानी आरमाराला हरवणारा सेनानी. भर राजधानीत, राजवाड्यासमोर दर्यावर्दी उभा! आम्हा समुद्राकाठच्यांना कान्होजी आठवणारच. मी तिथे वाकून नमस्कार केला.

रानजाई: चकली, बिबिम्बाप (भाज्या घातलेला भात) मांस-अंडं नको म्हणून मागा. किमचीत (आंबवलेल्या भाजीत) बहुतेक वेळा मासळी किंवा कोळंबीचं खारवण असतं, विचारून घ्या. बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवणही मिळतं, कांदा-लसूण नाही. माझ्या सासूबाई अख्खा चातुर्मास काढतील तिथे.

निळाई: आम्ही जानेवारीत. बाहेर कडाका, नाक बधिर. खोलीत पाऊल टाकलं तर जमीन गरम! ओन्दोल. बाबांनी खालीच अंथरूण घातलं, पलंगाकडे पाहिलंसुद्धा नाही.

चकली: निळाई, बाबांची पाठ कशी आहे आता?

निळाई: बरी आहे गं ताई. तू सांगितलेलं निर्गुंडीचं तेल रोज लावतात.

मी_सातारकर: नेव्हर या कोरियन ॲपचा नकाशा फोनवर घेऊन ठेवा, तिथे तो चांगला चालतो. आणि हानबोक (तिथला पारंपरिक पोशाख) घातला तर ग्यॉन्गबोकगुंगला तिकीट नाही. राजवाडा १३९५ चा, मागे डोंगर. सकाळी लवकर जा.

चकली: साडीवरून घालता येतो का?

रानजाई: नाही हो, हानबोक भाड्याने देणाऱ्या दुकानातच बदलायचं. साडी तिथल्या लॉकरमध्ये राहते.