मनीच्या छातीत पाणी झालंय, सुईने काढू द्यावं का?

आमची मनी मांजर ४ वर्षांची, दोन दिवस धापा टाकतेय, खात नाही, नुसती कोपरं फाकवून बसते. डॉक्टर म्हणतात भूल न देता सुईने पाणी काढू. फार भीती वाटतेय, काय करू?

> ताई थांबू नका, आजच करा. सातव्या-आठव्या बरगडीच्या फटीतून बारीक सुई घालतात, बरगडीच्या पुढच्या कडेने, कारण रक्तवाहिन्या मागच्या कडेला असतात. आमच्या बोक्याचं १५० मिली निघालं, टेबलावरच श्वास मोकळा झाला त्याचा.

> पाणी लॅबला पाठवाच! पू निघाला तर बहुतेक नळी ठेवावी लागते, हार्टचं असेल तर औषधं वेगळी, पिवळं चिकट असेल तर एफआयपी (मांजरांना होणारा गंभीर विषाणूजन्य आजार) तपासा. आणि एक्सरेसाठी बळजबरीने आडवं पाडू देऊ नका, जीव घुसमटतो.

निघालेच, रिक्षात आहे.