मदत हवी आहे: घरच्या आईस्क्रीमचा दगड होतोय
लहानपणी आई दूध निम्मं होईस्तोवर आटवून स्टीलच्या डब्यात आईस्क्रीम लावायची आणि आम्ही भावंडं दर दहा मिनिटांनी फ्रीज उघडून त्यात बोट घालून बघायचो, मग ओरडा ठरलेलाच. आता लेकीसाठी तस्संच करायला गेले तर चमचा वाकला पण आईस्क्रीम हललं नाही!! नवरा म्हणतो हातोडी आणू का. साखर मी निम्मीच घातली होती, त्यामुळेच एवढं कडक झालं का? की मधे दोनदा काढून मिक्सरमधून फिरवायला हवं होतं? क्रीम नकोय, नुसत्या दुधाचंच करायचंय. आईला विचारलं तर म्हणते "अंदाजाने घालायची". १ लिटर दुधाला साखर किती घेता प्लीज सांगा, रविवारी परत लावणारे.