फ्लॉरेन्सला तीन दिवस: काय बघावं, काय सोडावं?

खानापूरकरीण

नमस्कार मंडळी. मुलगा म्युनिकला नोकरीला आहे. ऑक्टोबरात आम्हा दोघांना बोलावलंय आणि त्यातले तीन दिवस इटलीत फ्लॉरेन्सला गाडीनं न्यायचं म्हणतोय. त्यानं पाठवलेल्या यादीत चौदा ठिकाणं आहेत. माझा डावा गुडघा दुखरा, आणि ह्यांना चित्रं-पुतळ्यांची फारशी ओढ नाही. पण माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढून आले होते. घरात कधी खुलून बोलले नाहीत. "नदी आणि चिखल" एवढंच म्हणायचे. त्या बाजूला तसलं काही बघण्यासारखं आहे का? दुसरं म्हणजे आम्ही दोघं शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा.

निपाणीकर

ताई, मी दोन वर्षांमागं लेकीकडं गेलो होतो तेव्हा फ्लॉरेन्सला पाच दिवस राहिलो. चौदा ठिकाणं तीन दिवसांत करू नका. निम्मी खोडा.

पहिलं गाडीचं सांगतो, कारण आमचं तिथंच चुकलं. शहराच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि नाक्यांवर कॅमेरे आहेत. जावईबापूंनी पाटी न बघता गाडी आत घातली, दंडाची पत्रं कैक महिन्यांनी घरी आली. गाडी बाहेर लावा आणि ट्रामनं आत या. जुनं शहर लहान आहे, बेळगावच्या मारुती गल्लीतनं शहापूरला चालत जाणाऱ्याला ते सहज पायी फिरता येतं.

मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायचं मनातनं काढून टाका. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. तो घुमट खालनंच बघा, पण निवांत बघा. ब्रुनेलेस्की नावाच्या स्थपतीनं १४२० ते १४३६ या काळात तो उभा केला, तोही खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता. दोन कवच एकात एक, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या गुंफलेल्या. मागच्या बाजूचं चर्चचं संग्रहालय मात्र चुकवू नका. बाप्तिस्मा-मंदिराचे गिबर्टी या शिल्पकारानं घडवलेले सोनेरी दरवाजे तिथं आहेत. बाहेर लोक ज्याचे फोटो काढतात ती नक्कल आहे. तिथं लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, गर्दी कमी.

मायकेलँजेलोनं घडवलेला डेव्हिडचा पुतळा एकदा बघाच. फोटोत कळत नाही, तो सतरा फूट उंच आहे. तो पुतळा आहे ते अकादेमिया संग्रहालय आणि उफ्फिझी हे चित्रांचं मोठं संग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद असतात आणि तिकीट आधी काढावं लागतं. संध्याकाळी बसनं पियात्साले मिकेलांजेलोच्या टेकडीवर जा, सगळं शहर आणि आर्नो नदी खाली पसरलेली दिसते.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते. तुमच्या मुलाच्या यादीत बहुतेक नसेल, पण आपल्या मुलखातल्या माणसानं फ्लॉरेन्सला जाऊन हे न बघता परत येऊ नये. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले होते, व्हिक्टोरिया राणीला भेटले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथंच वारले. वय उणंपुरं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि माणसाला दहन देणं तिथं कुणी पाहिलेलं नव्हतं. नगरपालिकेनं खास परवानगी दिली, आणि जिथं मुन्योने नदी आर्नोला मिळते त्या संगमावर रात्री चिता रचली गेली. संगमच निवडला हो त्यांच्या माणसांनी. परक्या मुलखात, मध्यरात्री, थंडीत, आपल्या रीतीनं सगळं केलं. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली. आराखडा मेजर मँट या इंग्रज स्थपतीचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा याच मँटसाहेबांचा.

कासिने नावाची लांबलचक बाग आहे, तिच्या अगदी पश्चिम टोकाला छत्री आहे. ट्रामच्या कासिने थांब्यावर उतरलात तरी पुढं पुष्कळ चालणं आहे, तेव्हा गुडघ्यासाठी सरळ टॅक्सी करा. शेजारी मोटारींचा पूल आहे, त्याचं नावच 'इंदियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल. नाव महाराजांमुळं पडलं.

आईनं जाताना अंबाबाईचं कुंकू पुडीत बांधून दिलं होतं. चपला काढून उभा राहिलो. छत्रीखाली रंगीत संगमरवराचा अर्धपुतळा, अंगावर दागिने, चेहरा अगदी पोरसवदा. माझा धाकटा त्याच वयाचा आहे. पुतळ्याला काही लावू नये म्हणून पुडी सोडून कुंकू कठड्याबाहेरच्या मातीत ठेवलं. एक म्हातारी बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती थांबली, काही विचारलं नाही, मान लववून पुढं गेली. मी तासभर तिथंच बाकावर होतो.

वडगावची

काकू, खाण्याचं मी सांगते, मी तिथं एक वर्ष शिकायला होते. ताज्या पास्त्यात अंडं असतं, म्हणून सुका पास्ता मागा. 'रिबोल्लीता' खाऊन बघा, शिळी पोळी-भाकरी आपण फोडणीला घालतो तसाच प्रकार: शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट कोबीची पानं एकत्र रटरटवलेली. टोमॅटो आणि शिळ्या पावाचा 'पाप्पा आल पोमोदोरो' पण मऊ आणि पोटभरीचा. फक्त 'सेंत्सा कार्ने', म्हणजे मांस नको, असं सांगा आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारा. तिथल्या पावात मीठच नसतं, म्हणून चटणीची पुडी पर्समध्ये ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, साडीला काही अडचण नाही.

कॅम्प_बेळगाव

वहिनी, मी मराठा लाइट इन्फंट्रीतनंच निवृत्त झालोय. सासऱ्यांचं डिस्चार्ज बुक ट्रंकेत असेल तर आधी पलटण कुठली ते बघा, कारण त्यावर जागा ठरते.

३ री पलटण असेल तर मोंतोने. फ्लॉरेन्सहून मोटारीनं दोनेक तास. १० जुलै १९४४ ला तिथं टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटे उरले. तुकडीतले बाकीचे सगळे पडलेले किंवा जखमी. ते शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेडनं ती बंद पाडली, आणि गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून शत्रूच्या उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. तिथंच त्यांना गोळ्या लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. २०२३ साली मोंतोनेत त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ बसवलंय.

१ ली पलटण असेल तर सेनियो नदी, डोंगर ओलांडून फाएन्झाच्या पुढं. ९ एप्रिल १९४५ ला तिथं शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना पाण्यातनं एकेक करून अलीकडं आणलं आणि मग एकट्यानं मशीनगनची ठाणी गप्प केली. बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि अलीकडं राहिलेल्या आपल्या कंपन्यांना हात करून बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जिवंत परतले. आल्फोन्सिने गावात सेनियोच्या लढाईचं संग्रहालय आहे. फोर्लीला भारतीय सैन्याची युद्ध-दफनभूमी आहे आणि तिथंच दहन झालेल्या जवानांचं स्मारक.

खानापूरकरीण

भावजी, काल ट्रंक उघडली. पुस्तकावर १ ली पलटण आहे. "नदी आणि चिखल" म्हणजे सेनियोच असणार. हे दुपारपासून ते पुस्तक हातात घेऊन बसलेत. मुलाला फोन केला, तिसरा दिवस सेनियोला ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांची छत्री. उफ्फिझी मात्र ह्यांच्यासाठी सोडावं म्हणते.

निपाणीकर

ताई, १ ली पलटण असेल तर उफ्फिझी सोडू नका! ती पलटण ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. युद्धात उफ्फिझीतली चित्रं जपून ठेवायला फ्लॉरेन्सबाहेरच्या मोंतेगुफोनी गढीत हलवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात आघाडी त्या गढीपाशी आली तेव्हा तिथं याच डिव्हिजनचे जवान होते. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' हे प्रसिद्ध चित्र त्याच गढीत होतं. आज ते उफ्फिझीत भिंतीवर आहे. फक्त त्या एका दालनात भाऊजींना घेऊन जा, बाकी राहिलं तरी चालेल. तिकीट आजच काढायला सांगा मुलाला, ऑक्टोबरातही सकाळच्या वेळा लवकर संपतात.

खानापूरकरीण

सांगितलं. सासऱ्यांचा वर्दीतला फोटो लहान करून घेतेय, पाकिटात मावेल एवढा.