सिनेमाचे पॉडकास्ट: गप्पा म्हणायच्या का प्रमोशन?

औसारोडवाला: रोज लातूर-औसा येणंजाणं, कानात सिनेमाचे पॉडकास्ट. वर्षभर ऐकायलो, आता डोकं उठलं. पिक्चर शुक्रवारी येणार असला की सोमवारपासून तोच हिरो चार ठिकाणी, तेच किस्से, आणि होस्ट दर दोन मिनिटाला "कमाल, कमाल". पिक्चर पडला की त्यावर चकार शब्द नाही. दोन-दोन तासात एक वाकडा प्रश्न निघत नसंल तर सरळ जाहिरात म्हणा की. परवा तर एका नटाला विचारलं, "ग्रामीण भाषा कशी पकडली?" ग्रामीण म्हंजे कोणती बाबा? कोल्हापूरकडचं बोलणं न्यारं, आमचं न्यारं. आमचं "करायलो, जायलो" मकरंद अनासपुरे सोडले तर पडद्यावर कितीजणांच्या तोंडी ऐकलं तुम्ही?

मोंढ्यातली: दादा, तुमच्याकडं थेटर हाय म्हणून हे सुचायलंय. आमच्या तालुक्याची टॉकीज बंद पडून तिथं मंगल कार्यालय झालं. मी आडतीवर हिशोब लिहिते, सोयाबीनच्या सीझनला पट्ट्या करता करता रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा हेच कानात असतेत. 'कोर्ट' (२०१४) मी पंधरा मिनिटात बंद केला होता, कॅमेरा हलतच नाही म्हणून. मग एका एपिसोडमधी दोघांनी समजून सांगितलं की कॅमेरा मुद्दाम लांब ठेवलाय, सगळी खोली दिसावी, मागं बाकड्यावर बसलेली माणसं पण, आणि त्यातल्या बऱ्याचजणांनी आधी कधी ॲक्टिंग केलेली नाही. परत लावला, शेवटपर्यंत बघितला.

औसारोडवाला: ताई, त्या दोघांत पिक्चरवाला कोणी नव्हता ना? तेच म्हणायलो मी. पाहुणा समोर नसला की माणूस खरं बोलतो.

जालन्याचा: 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आठवतंय का, २०१२ चं नाटक? राजकुमार तांगडेंनी लिहिलं, नंदू माधव यांनी बसवलं, काम करणारे बरेचसे आमच्या जिल्ह्यातले शेतकरी. त्यायला भाषा पकडायची गरजच नव्हती, घरूनच आणली होती. असे लोक बसवा की दोन तास! बाकी भाऊ, वाकडा प्रश्न विचारला तर पुढचा पाहुणा येईल का? होस्टला बी घर चालवायचंय.

औसारोडवाला: चालवू द्या. मग "पिक्चरवाल्यांनी पाठवलंय" एवढं सुरुवातीलाच सांगायला काय जातंय?

पूर्णेचा पॅसेंजर: उगं कुरकुर कामून करायले, स्वतः काढा की एक. मोबाईल तर हाय.

औसारोडवाला: काढला ना, दोन एपिसोड! मित्राच्या गोडाऊनमधी, माईकला बायकोचा जुना स्कार्फ गुंडाळून. पयल्यात लाईट गेली, दुसऱ्यात शेजारच्या वरातीचा डीजे. ऐकणारे सतरा, त्यात चार घरचे.

मोंढ्यातली: लिंक टाका. उद्या मोंढा बंद हाय, ऐकते. डीजेवाला आधी.