‘अ लव्ह सुप्रीम’ची मैफल : मूळ अल्बमबरहुकूम की मोकळी?

मूळ मुद्दा :
जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या चार भागांच्या अल्बमला वाहिलेल्या मैफलीत चारही भाग ध्वनिमुद्रणात आहेत तसेच वाजवावेत, असा आग्रह अनेक रसिक धरतात. मला तो पटत नाही. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील स्टुडिओत कोल्ट्रेन यांच्या चौघा वादकांच्या चौकडीने जे वाजवले, त्यातले बरेचसे वाजवता वाजवता सुचलेले होते. दुसऱ्याच दिवशी कोल्ट्रेन यांनी सॅक्सोफोनवादक आर्ची शेप आणि बासवादक आर्ट डेव्हिस यांना सोबत घेऊन पहिला भाग पुन्हा ध्वनिमुद्रित केला, आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये सिएटल येथे सात वादकांसह ही जेमतेम ३३ मिनिटांची रचना सुमारे सव्वा तास फुलवली. खुद्द रचनाकाराने जिला अंतिम रूप मानले नाही, तिचे सोलो (एकेका वादकाचे स्वतंत्र वादन) आज पाठ करून वाजवण्यात जॅझ कुठे उरतो?

पहिला प्रतिसाद :
असहमत. ही ईश्वरावरील प्रेमाची रचना आहे. १९५७ मध्ये व्यसनातून बाहेर पडताना आलेल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल कोल्ट्रेन यांनी अल्बमसोबतच्या मजकुरात कृतज्ञतेने लिहिले आहे आणि शेवटच्या ‘साम’ (Psalm, म्हणजे स्तोत्र) या भागात त्यांचा सॅक्सोफोन सोबत छापलेली त्यांचीच कविता जवळजवळ शब्दागणिक म्हणतो. तिथे वादकाने स्वतःचे काही घातले, तर कविता हरवते. प्रार्थनेचे शब्द कोणी आपल्या मर्जीने बदलत नाही.

धागालेखक :
‘साम’पुरता आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, कारण तिथे शब्दांचे बंधन खरोखरच आहे. पण पहिल्या भागाचे काय? तिथे चार स्वरांची ती छोटी सुरावट कोल्ट्रेन बाराही पट्ट्यांतून फिरवतात आणि मगच ती शब्दांत उच्चारतात. ऐकताना स्पष्ट जाणवते की हा माणूस काहीतरी शोधतो आहे. तोच पट्ट्यांचा क्रम पाठ करून वाजवणाऱ्याला शोधायला काहीच उरत नाही.

दुसरा प्रतिसाद :
चर्चा सॅक्सोफोनभोवतीच फिरते आहे, याचे वाईट वाटते. तिसऱ्या भागाची सुरुवात एल्विन जोन्स यांच्या एकट्या ड्रमने होते आणि शेवटी जिमी गॅरिसन यांचा बास एकटाच, अगदी सावकाश, ‘साम’पर्यंत घेऊन जातो. हा क्रम पाळावा, त्या बासला पुरता वेळ द्यावा आणि आत काय वाजवायचे ते वादकांवर सोडावे. सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्या चौकडीने २००२ च्या अल्बममध्ये चारही भाग त्याच क्रमाने घेतले, तरी सोलो स्वतःचे वाजवले.

पहिला प्रतिसाद देणारे :
क्रम पाळून मोकळीक घेण्याला माझी हरकत नाही. मात्र मैफल या अल्बमच्या नावाने होत असेल, तर ‘साम’मध्ये त्या कवितेबाहेरचा एकही स्वर मला नको आहे.