मक्याचा दाणा फुटतोय, कंबाइनचा (कापणी-मळणी यंत्राचा) मळणीचा ड्रम किती फेऱ्यांवर ठेवू?

काल टाकीतून ओंजळभर मका काढून पाहिला. दर चार-पाच दाण्यांमागे एक फुटलेला, काहींचं टोक उडालेलं. ओलावा २६ टक्के आहे, ड्रम ५५० आरपीएमवर. ड्रमखालची जाळी आवळून ड्रमच्या जवळ आणू का?

— जाळी आवळू नका, आधी ड्रमचा वेग उतरवा! फुटीचं मुख्य कारण वेगच असतो. ५० आरपीएमने कमी करत जा आणि दर वेळी मागे पडलेली बुरकुंडं हातात घेऊन बघा. बुरकुंड अख्खं किंवा दोन तुकड्यांत निघालं आणि त्यावर दाणा राहिला नाही, की जमलं. बुरकुंडाचा चुरा होत असेल तर जाळी फार जवळ आहे, ती थोडी सैल करा.

— शिवाय २६ टक्के ओलावा जरा जास्तच; दाणा मऊ असतो, लगेच चेपतो. २२-२३ वर येऊ द्या.

— ४०० वर आणला, फरक लगेच दिसला. तरी थोडी फूट आहेच.

— मग परतीचा एलिव्हेटर (नीट न मळलेला माल पुन्हा ड्रमकडे नेणारा) उघडून बघा. त्यात सुटे दाणे असतील तर ते पुन्हा ड्रमखाली जाऊन फुटतात. खालची चाळणी थोडी उघडा.